चार वह्या, एक लॉट नंबर

गोव्यातल्या आमच्या काजू कारखान्यात चार वह्या होत्या आणि चारही खऱ्या होत्या.

पहिली बाबांची, खरेदीची. हंगामात सत्तरी-डिचोलीतले बागायतदार बी घेऊन यायचे तेव्हा बाबा काट्याशेजारी बसून नाव, गाव, वजन, दर आणि उचल लिहायचे. दुसरी मुकादमाची, मजुरीची: कुणी किती किलो फोडले, कुणी किती सोलले. तिसरी ग्रेडिंगच्या खोलीत खिळ्याला टांगलेली, तीत डब्यांचा हिशेब. चौथी म्हापशाच्या दुकानात काकांच्या गल्ल्याखाली, विक्री आणि उधारीची. बाबांची वही पोत्यांत बोलायची, मुकादमाची किलोंत, ग्रेडिंगची दहा किलोच्या डब्यांत, काकांची पाव किलोच्या पाकिटांत. कुणीही खोटं लिहीत नव्हतं. तरी हंगाम संपल्यावर "यंदा नक्की काय सुटलं?" असं विचारलं, तर चार वह्यांतून एक उत्तर निघायचं नाही. बाबा बँकेचं पासबुक उघडायचे आणि त्यावरून अंदाज सांगायचे.

मी बी.कॉम. झाले, पणजीत एका ऑफिसात काही वर्षं हिशेबाचं काम केलं आणि २०१६ साली घरच्या धंद्यात आले. कारखाना लहान, डिचोली तालुक्यातला. भर हंगामात तीसेक बायका कामाला असतात. घरात बोलणं कोकणी, लिहिणं मराठी, त्यामुळे चारही वह्या मराठीत. या वह्यांची एक व्यवस्था होईपर्यंत बरीच वर्षं गेली, पैसे गेले आणि एका माणसाला विनाकारण दुखावलं गेलं. छोट्या धंद्यातल्या कुणी "आता सगळं कॉम्प्युटरवर घेऊ या" असं ठरवलं असेल, तर त्यांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

सुरुवात आम्ही आपणहून केली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला तेव्हा हंगाम नुकताच संपला होता आणि गोदाम भरलेलं होतं. आमच्या धंद्यात एक खास गोष्ट आहे. शेतकऱ्याकडून कवचासकट काजू बी घेतली की तिच्यावरचा पाच टक्के कर विकणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने भरायचा. शेतकरी बिल देत नाही, म्हणून ते बिलही घेणाऱ्यानेच स्वतःच्या नावे करायचं. भरलेला कर पुढे विक्रीवरच्या करातून वळता करून मिळतो. पण त्यासाठी खरेदीच्या प्रत्येक ओळीला कागद हवा. बाबांच्या वहीत लिहिलेलं असायचं, "केरीचे भाऊ, ३ पोती." कोणते भाऊ? बाबांना चेहरा ठाऊक, बागेची वाट ठाऊक, मुलीचं लग्न कधी झालं तेही ठाऊक. आडनाव मात्र कधी विचारलंच नव्हतं, कारण तशी गरज पडली नव्हती.

त्यात तेव्हा साधा गर, म्हणजे कवचातून काढलेला काजू, पाच टक्क्यांत आणि भाजून खारवलेला बारा टक्क्यांत. काकांच्या दुकानात ही दोन्ही पाकिटं एकाच फळीवर. दर बसवायला, जुनी पाकिटं वेगळी काढायला आणि बिलबुक नव्याने छापायला आम्हाला तीन आठवडे लागले.

हिशेबाचं एक पॅकेज घेतलं. महिनाअखेरीला प्लॅस्टिकच्या पिशवीत बिलं भरून ठेवायची, कर सल्लागाराच्या ऑफिसातला मुलगा यायचा आणि दोन दिवस बसून सगळं चढवायचा. कर वेळेवर भरला जायचा. पण मागच्या महिन्यात काय घडलं ते आम्हाला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या सुमारास कळायचं. त्यावरून कर भरता येतो, धंदा चालवता येत नाही. हा फरक मला तेव्हा नीट समजला नव्हता. कॉम्प्युटर आला म्हणजे माहिती आली, असंच मी धरून चालले होते.

२०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. आमच्या डब्ल्यू ३२० (अख्ख्या गराची एक ग्रेड) च्या दोन डब्यांना कुबट वास येत होता. ते शांतपणे म्हणाले, "ताई, हे डबे कुठल्या लॉटचे? आणि त्याच लॉटचे अजून कुठे गेलेत?"

मला सांगता येईना. डब्यावर आमचं नाव, ग्रेड आणि वजन होतं. बाकी काही नव्हतं. चारही वह्या टेबलावर पसरून मी रात्री अकरापर्यंत बसले. डबे कोणत्या तारखेला भरले ते ग्रेडिंगच्या वहीत सापडलं. तो गर कोणत्या दिवशी बोर्म्यात, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीत, सुकला, ते कुठेच नव्हतं. शेवटी पुण्याचे साठ डबे परत बोलावले आणि म्हापशाच्या दुकानातले बावीस उतरवले. सगळे फोडून पाहिले. खराब निघाले पाच. एका दिवशी बोर्म्यात गर पुरता सुकला नव्हता, तो ओलसरच सोलून डब्यात गेला होता. पाच डब्यांसाठी ब्याऐंशी फोडले, आणि एकदा फोडलेला डबा पुन्हा डबा म्हणून विकता येत नाही. त्या व्यापाऱ्याची दिवाळीची विक्री बुडाली, ती वेगळीच. नुकसानीपेक्षा मला त्यांचा तो साधा प्रश्न जास्त लागला. त्याचं उत्तर आमच्याकडे असायलाच हवं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत आम्ही "संपूर्ण" म्हणून सांगितली गेलेली प्रणाली विकत घेतली. विकणाऱ्याने लॅपटॉपवर रंगीत तक्ते दाखवले, आम्ही मान डोलावली. आता वाटतं, तेव्हा मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: आमच्यासारखा धंदा करणाऱ्या कुणाकडे हे चालू आहे का? कारण ती प्रणाली मुळात दुकानासाठी बांधलेली होती. दुकानात खिळ्यांची पेटी आत येते आणि खिळ्यांचीच पेटी बाहेर जाते. काजूचं तसं नाही. एक पोतं आत येतं आणि त्यातून पंधरा प्रकारचा माल निघतो. अख्ख्या गरांत डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२०, ४५०. हा आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात तो, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा. मग पाकळी, तुकडा, कणी. शिवाय टरफल, ज्यातून तेल निघतं, आणि गरावरची साल. प्रत्येकाचा दर वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. प्रणालीत त्यासाठी जागाच नव्हती. आम्ही बी "विकली" असं दाखवायचो आणि गर "खरेदी केला" असं दाखवायचो. म्हणजे पडद्यावर जे दिसायचं ते आमच्या अंगणात कधी घडलेलंच नसायचं.

तेवढ्यात २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. आमच्यासाठी तो अगदी हंगामाचा मधला काळ. झाडाची बी थांबत नाही; बोंडू पिकला की खाली पडतो. बायकांना येता येईना, कारखाना बंद. मी पर्वरीला अडकले आणि प्रणाली होती कारखान्यातल्या ऑफिसच्या एका कॉम्प्युटरवर, कुलुपात. बाबांनी गेटवर काटा मांडला, अंतर ठेवून माणसं उभी केली आणि जशी सवलत मिळत गेली तशी बी घेतली. लिहिलं सगळं आपल्या वहीत. दोन महिने आमचा धंदा त्या एका वहीने चालवला. ती बाबांच्या हातात होती आणि बी जिथे जोखली जात होती तिथेच होती. प्रणाली खर्चिक होती, पण कामाच्या जागी नव्हती.

मे संपता संपता मी गेले आणि दोन दिवस बसून वही प्रणालीत चढवली. पाऊस लागण्याआधी गोदाम पुन्हा जोखलं. पडद्यावर १२८ क्विंटल. काट्यावर ११७.

अकरा क्विंटल बी कमी!

टाळेबंदीत आवारात रात्रंदिवस एकच माणूस होता, आमचा राखणदार. वीस वर्षं आमच्याकडे असलेला. मी आणि काकांनी त्याला ऑफिसात बोलावून विचारलं. आरोप असा केला नाही, पण "रात्री गेट उघडं राहिलं होतं का?", "कुणाचा टेम्पो आला होता का?" असे प्रश्न विचारले की आरोप वेगळा करावा लागत नाही. तो खाली बघत "ना, ना" एवढंच म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी कामावर आला, पण माझ्याशी बोलला नाही.

बाबा संध्याकाळी गोदामातून मूठभर बी घेऊन आले. माझ्या कानाजवळ हलवून म्हणाले, "ऐक." ती खुळखुळत होती. "आली तेव्हा ही वाजत नव्हती. तेव्हा बी ओली आसा गो बाय. उन्हात चार दिवस घातल्यावर पाणी जातं. तुझ्या पडद्यानं पाणी धरलंय हिशेबात."

मला पटलं, तरी मी मोजायचं ठरवलं. शेवटच्या दिवसांत आलेल्या बीचं एक पोतं बाजूला काढलं, बरोबर ५० किलो. खळ्यावर वेगळं पसरलं आणि रोज संध्याकाळी जोखलं. पहिल्या दिवशी ४८.२, दुसऱ्या दिवशी ४७, तिसऱ्या दिवशी ४६.३, चौथ्या दिवशी ४५.९. आठ टक्क्यांहून जास्त घट, कुणीही एक बी न उचलता. १२८ क्विंटलांवर तेवढीच घट धरली की जवळपास सगळे अकरा क्विंटल तिथेच सापडत होते.

मी राखणदाराकडे गेले, त्याला ते वजनांचे आकडे दाखवले आणि माफी मागितली. त्याने माफ केलं की नाही मला माहीत नाही. आजही तो आमच्याकडेच आहे. पण त्या दोन दिवसांत मी एका सरळ माणसाकडे कुठल्या नजरेने बघितलं, ते मी विसरू शकत नाही. बाबांना ती घट तीस वर्षं ठाऊक होती. ती मांडायला त्यांच्या वहीत रकाना नव्हता आणि माझ्या प्रणालीतही नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते पडद्यावर चोरी म्हणून दिसलं.

घटीची सोय करा म्हणून विक्रेत्याला सांगितलं तर उत्तर आलं की वर्षाच्या शेवटी एक नोंद करून तफावत मिटवून टाका. पुढे फोन उचलणंही बंद झालं. सोडून जायचं ठरवलं तेव्हा कळलं की आमची माहिती तिथून बाहेर काढायची वाटच नाही. छापून घेता येत होती, पण मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये होती आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या जागी नुसती चिन्हं उमटत. २१४ बागायतदारांची नावं मी पुन्हा बाबांच्या वहीवरून उतरवली. या वेळी बाबा शेजारी बसून प्रत्येकाचं आडनाव, वाडा, बागेची जागा सांगत होते. ते पंधरा दिवस माझ्यासाठी मोलाचे ठरले. आमचा धंदा कुणाच्या जिवावर उभा आहे हे मला त्या यादीतून कळलं.

२०२१ च्या हंगामात मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. आधी कागद नीट करायचा असं ठरवलं.

लॉट म्हणजे काय, इथूनच सुरुवात करावी लागली. बाबांच्या लेखी लॉट म्हणजे एका बागायतदाराची बी. मुकादमाच्या लेखी एका दिवसाची फोडणी. ग्रेडिंगवाल्यांच्या लेखी एक टेबलभर गर. चार-पाच दिवस चर्चा झाली, दोनदा आवाजही चढले. शेवटी ठरलं: खळ्यावर एकत्र सुकलेली बी म्हणजे एक लॉट, मग ती एकाची असो वा आठ जणांची, पण एका गावाची दुसऱ्या गावात मिसळायची नाही. त्या लॉटला एक नंबर आणि पुठ्ठ्याचं एक कार्ड. कार्ड पोत्याला बांधलेलं, पोत्याबरोबर पुढे जाणारं: सुकवणी, वाफवणी, फोडणी, बोर्मा, सोलणी, ग्रेडिंग. प्रत्येक टप्प्यावर आत किती, बाहेर किती, तारीख, आणि कुणी जोखलं.

कार्डाचा पहिला नमुना मी घरी बसून केला होता आणि तो चार दिवसांत फसला. ग्रेडिंगच्या खोलीतल्या सगळ्यात जुन्या मावशींनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "तू सकाळी लिहायला सांगतेस, आम्ही जोखतो संध्याकाळी. मधे दिवस जातो. मग संध्याकाळी आठवून लिहिलं जातं, आणि आठवून लिहिलेलं गोल असतं." गोल म्हणजे २०, २५, ३०. मी जुनी वही उघडून पाहिली. खरंच, महिनोन्‌महिने एकही आकडा १७ किंवा २३ नव्हता. त्यांच्या सांगण्यावरून नियम केला: टोपली काट्यावर असतानाच लिहायचं, उतरवल्यावर नाही. पेन काट्यालाच दोरीने बांधलं. ज्यांना वाचायला जड जातं त्यांच्यासाठी आठवड्याप्रमाणे कार्ड बांधायच्या नाडीचा रंग ठेवला. आमच्या कारखान्यात माहितीची व्यवस्था खऱ्या अर्थाने त्या दोरीने बांधलेल्या पेनापासून सुरू झाली, असं मी मानते.

पूर्ण एक हंगाम नुसती कार्डं. पुढच्या वर्षी तीच स्प्रेडशीटमध्ये. २०२३ मध्ये फोंड्याच्या दोन मुलांनी आमच्या कार्डासारखीच दिसणारी ऑनलाइन प्रणाली बांधून दिली. काट्याशेजारी एक टॅब, सगळं मराठीत, रकान्यांची नावं आमच्या बायका वापरतात तीच. करार करताना एक अट मी आधी लिहून घेतली: आमची सगळी माहिती केव्हाही, वाचता येईल अशा रूपात, आमच्या हाती मिळाली पाहिजे. दर महिन्याला ती उतरवून घेतो आणि दर तीन महिन्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडूनही बघतो. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नसतो, म्हणून कोरी कार्डं आजही काट्याजवळ असतात.

आता या सगळ्याने काय बदललं ते. ज्यासाठी हा खटाटोप केला ते काम झालंच: डबा कोणत्या लॉटचा, तो गर कधी सुकला, कुठे कुठे गेला, हे दोन मिनिटांत सांगता येतं. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी, बँकेला दर महिन्याला मालाचं पत्रक द्यावं लागतं. पूर्वी त्यात अंदाज असायचा, आता वजन असतं. आमचा पैसा तीन महिन्यांत बीत अडकतो आणि वर्षभर हळूहळू सुटतो, त्यामुळे गोदामात कोणत्या ग्रेडचं किती पडून आहे हे रोज दिसणं म्हणजे व्याज वाचणं. म्हापशाच्या दुकानात डब्ल्यू २४० संपत आणि कणी साचत होती. काकांना ते जाणवत होतं, आता कारखान्यालाही दिसतं.

पण ज्याची मला कल्पनाही नव्हती ती गोष्ट निघाली उताऱ्यातून. शंभर किलो बीतून किती किलो गर निघाला, तो उतारा. दोन हंगामांची कार्डं गावांप्रमाणे लावली तेव्हा वळवाच्या पावसात भिजलेल्या बीचा उतारा घसरलेला दिसला, २८ वरून २२ पर्यंत. ते बाबांना ठाऊकच होतं आणि पाऊस पडला की ते दर उतरवायचेही. मात्र सत्तरीतल्या एका कातळावरच्या वाड्याची ओळ पाहून मी थांबले. तिथली बी लहान. मुठीत घेतली की हलकी वाटते. तीस वर्षं बाबा तिला किलोमागे चार-पाच रुपये कमी देत आले होते, आणि त्या लोकांनीही ते मान्य केलं होतं, "आमची बी बारीक" म्हणून. कार्डं सांगत होती की तिचा उतारा बाकीच्यांच्या बरोबरीचा आहे, एका हंगामात तर वरचढ. बी लहान होती, पण भरलेली होती. गर लहान ग्रेडचा निघतो म्हणून थोडा फरक राहतो, पण तो चार-पाच रुपयांचा नाही, रुपया-दीड रुपयाचा.

बाबांना मी ते कागदावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा बघितलं. मग उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. बाबांनी कुणाला फसवल्याचं मला आठवत नाही. हातावर त्यांचा विश्वास होता आणि हात बहुतेक वेळा बरोबर असायचा. या एका ठिकाणी चुकला होता, आणि ती चूक दर वर्षी काही घरांना सोसावी लागत होती. रात्री जेवताना ते म्हणाले, "मीच सांगतो त्यांना." पुढच्या हंगामाआधी ते स्वतः त्या वाड्यावर गेले, बसले, चूक सांगितली आणि नवा दर सांगितला. मागच्या वर्षांचं काय, असं एका म्हाताऱ्या बागायतदाराने विचारलं. त्या वर्षी आम्ही प्रत्येक पोत्यामागे काही रक्कम वर दिली. तीस वर्षांची भरपाई ती नव्हे, हे बाबांनी त्यांना तोंडावर सांगितलं.

असा आकडा हाती आला की त्याचं बळ चढतं, आणि तिथेच मी दुसरी चूक केली. कोण किती टक्के अख्खे गर काढतं याचा तक्ता मी फोडणीच्या शेडमध्ये भिंतीवर लावला. स्पर्धा होईल, उत्पन्न वाढेल, हा विचार. सगळ्यात खाली ज्यांचं नाव आलं त्या दोन दिवस कामावर आल्या नाहीत. मुकादमाने सांगितलं तेव्हा कळलं की त्यांचा हात सगळ्यांत चांगला, म्हणूनच तो त्यांना नेहमी बारीक आणि अवघड बी देतो, आणि बारीक बी जास्त फुटते. आकडा खरा होता, पण अर्धा. मी तक्ता त्याच दिवशी काढला आणि त्यांच्या घरी जाऊन आले. आता प्रत्येकीचा आकडा फक्त तिला आणि मुकादमाला दिसतो, आणि शेजारी बीचा आकारही लिहिलेला असतो. टरफलाच्या तेलाने ज्यांच्या बोटांची सालं निघतात, त्यांच्या कामाची माहिती भिंतीवर टांगायचा हक्क मला कुणी दिला होता?

याच कारणाने बागायतदारांची यादीही मी कुणाला देत नाही. एका व्यापाऱ्याने नावं आणि फोन नंबर मागितले होते, चांगला मोबदला देतो म्हणाला. ते नंबर लोकांनी बी विकण्यासाठी बाबांना दिलेत. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण तो झाला नसता तरी माझं उत्तर तेच असतं.

त्याच वर्षी गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे ते नाव गोव्यातल्याच काजूसाठी राखलं गेलं. देशातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियासारख्या देशांतून आलेली बी मोठ्या प्रमाणात फोडली जाते. त्यात गैर काही नाही, फक्त तो गर गोव्याचा म्हणून विकू नये. एकदा सोलला की नुसत्या नजरेने गर कुठला ते सांगणं कठीण. म्हणून पाकिटावर "गोव्याचा काजू" लिहिताना आमच्याकडे त्या लॉटचं कार्ड असतं, कार्डावर गाव असतं, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर काका टॅबवर दाखवतात. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आलेले लोक थांबून ते गावाचं नाव वाचतात, कुणी म्हणतं, "आमच्या मावशीचं गाव." त्या वेळी काकांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि खारवलेला काजूही पाच टक्क्यांत आला. आदल्या रात्री मी प्रणालीत एक आकडा बदलला आणि जुन्या छापील किमतीच्या पाकिटांची यादी काढली. सकाळी दुकान उघडलं तेव्हा बिलं नव्या दराने निघत होती. २०१७ चे ते तीन आठवडे काकांना आणि मला दोघांनाही आठवले.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. बी आली की आजही आधी त्यांच्या हातात जाते. चार बिया घेतात, अडकित्त्याने कापतात, गराचा रंग बघतात, कानाशी हलवतात आणि उताऱ्याचा अंदाज सांगतात. कार्डावर त्यासाठी आम्ही एक रकाना केला आहे, "हाताचा अंदाज". कारखान्याचा आकडा दीड महिन्याने त्याच्या शेजारी येतो. माझा भाचा गेल्या हंगामापासून त्यांच्याजवळ उभा राहतो आणि त्यांनी सांगण्याआधी आपला अंदाज वेगळ्या कागदावर लिहितो.

या हंगामात कातळावरच्या त्या वाड्यातला एक तरुण बागायतदार आला. वजन झालं, पैसे फोनवर गेले, तरी तो जाईना. म्हणाला, "वहिनी, माझ्या बीचा गेल्या वर्षीचा उतारा किती होता? मला सांगाल?" त्याला दोन बागा आहेत, एक कातळावर, एक ओहोळाच्या काठाला. जुनी झाडं काढून नवी लावायची आहेत आणि कलमाच्या डोळकाड्या (कलम बांधायला लागणाऱ्या फांद्या) कोणत्या बागेतल्या झाडांच्या घ्याव्यात ते ठरत नव्हतं. त्याची दोन्ही बागांची बी गेल्या वर्षी एकाच लॉटमध्ये गेली होती, त्यामुळे मी त्याला वाड्याचा एकत्र आकडा दाखवला. त्याने पडद्याचा फोटो काढून घेतला आणि गेला.

आठ दिवसांनी परत आला तेव्हा पोती दोन गठ्ठ्यांत होती. एका गठ्ठ्याला लाल नाडी, दुसऱ्याला पांढरी. बाबांनी दोन्हींतल्या चार-चार बिया कापल्या आणि दोन वेगळे अंदाज सांगितले. मी दोन कार्डं काढली, दोन नंबर घातले. खळ्यावर मधे बांबू आडवा टाकून आम्ही ती बी दोन बाजूंना पसरली आहे.